एकदाच सांगण्याचा ठराव

"आजपासून एकाही दुखावलेल्या लेकराला आपलं दुःख दुसऱ्यांदा सांगावं लागणार नाही!" समितीच्या अध्यक्षसाहेबांनी गर्जना केली आणि टेबलावर मूठ आपटली. मूठ बशीवर पडली. चहा शेजारच्या सदस्यांच्या मांडीवर गेला आणि नव्या युगाची पहिली काही मिनिटं फडकं शोधण्यात खर्ची पडली.

ताईंना हसू आलं नाही. समाजसेविकेच्या नोकरीत त्यांचे केस पिकले होते, आणि या एका नियमासाठी हेलपाटे घालून चपला झिजल्या होत्या. मुलानं एकदाच सांगायचं, ओळखीच्या माणसाला. मग पोलीस, डॉक्टर, कोर्ट, वसतिगृह, सगळ्यांनी तेच वाचायचं. बस्स.

"फक्त एक," बशी सरळ करत साहेब म्हणाले, "मंजुरीआधी एखाद्या मुलीच्याच तोंडून ऐकलं म्हणजे बरं. बाहेर बसलीय ना तुमची?"

बसली होती खरी. तिला आज नव्या वसतिगृहात सोडायचं होतं, म्हणून बरोबर होती. आता तुला कुणी काही विचारणार नाही, असा ताईंनी सकाळीच शब्द दिला होता.

"साहेब, निवेदनात सगळं लिहिलंय."

"अहो ताई, कागद का रडून दाखवतो? उगाच तुमचाच ठराव अडेल हो."

ताई बाहेर आल्या. त्यांनी तोंड उघडायच्या आतच पोरीनं मांडीवरची पिशवी खाली ठेवली.

"सांगायचंय ना? चला. मला पाठ आहे."

"नाही म्हणालीस तरी चालेल गं."

"मग तुमचं काम होईल?"

ताईंनी खाली ठेवलेली तिची पिशवी उचलून काखेत घेतली. ते पिशवी उचलणं पुढे त्यांना कायम खुपणार होतं.

आत समितीपुढे तिनं सांगितलं. मामानं काय केलं, आईनं दार बाहेरून का लावलं, सगळं बाजारभाव वाचावेत तशा सुरात. एका जागी ती आपणहून थांबली.

"इथे सगळे पाणी देतात," ती म्हणाली.

शिपाई पाण्याला धावला.

सदस्यांचे डोळे भरून आले. एकानं तर घाईत चहाच्या फडक्यानंच पुसले. ठराव एकमतानं मंजूर झाला. ताईंनी पोरीचा हात धरला. गार पडला होता.

"झालं हं, बाळा. हे शेवटचं."

तेवढ्यात उशिरा आलेले एक सदस्य घाम पुसत आत शिरले. सगळ्यांना नमस्कार करून त्यांनी सहीसाठी पेन काढलं आणि थबकले.

"न ऐकता सही करणं माझ्या तत्त्वात बसत नाही," ते अगदी मायेनं म्हणाले. "बेटा, जरा पहिल्यापासून सांगतेस?"