माझ्या पोटातला वास

मी टाकी बोलतेय. नुसती टाकी म्हणावं तर पोटाला दार आहे आणि डोक्यावर धुराडं आहे. भट्टी म्हणावं तर माझ्यात शिजलेला एक घासही कुणाच्या तोंडात गेलेला नाही. हे असं कसं झालं ते ऐका. मी अजून त्या धक्क्यातून सावरलेले नाही, तेव्हा सांगताना काही मागेपुढे झालं तर सांभाळून घ्या.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. जाड पत्रा गोल वाकवला, दोन्ही टोकांना झाकणं जोडली, वर तोंड ठेवलं आणि खाली नळ बसवला. शेजारी माझ्यासारख्या आणखी टाक्या होत्या. कुणी शाळेत पाणी पुरवायला निघाली होती, कुणी दवाखान्यात. आपल्याही नशिबी पाणीच असणार, असं मी धरून चालले होते. पण एका मोठ्या फळबागेने मला विकत घेतलं आणि पहिल्याच दिवशी माझ्यात ओतलं ते तणनाशक. झाडांच्या रांगांमधलं गवत मारायचं विष ते. फिनेल आणि रॉकेल एकत्र करून उन्हात ठेवावं तसा त्याचा वास. मी हबकलेच.

माझ्या अंगावर कवटीचं चित्र असलेला कागद चिकटवला होता. तो आधी उन्हाने फिकटला, मग पावसाने गेला. पुढे बागेत प्लॅस्टिकची टाकी आली आणि माझी रवानगी भंगारात झाली. आता वितळून मोकळी होईन म्हणून मी निवांत पडले होते, तेवढ्यात तो आला.

भारदस्त गृहस्थ. त्याने बोटाच्या पेरांनी मला ठोकून पाहिलं आणि म्हणाला, "पत्रा जाड आहे. धुराच्या भट्टीला असाच लागतो."

"म्हणजे खाण्याचं काही करणार?" भंगारवाल्याने विचारलं. माणूस सरळ होता. "मग आधी वास घेऊन बघा साहेब. आत काय होतं ते मला माहीत नाही."

त्याने माझं झाकण काढलं, चेहरा आत घातला आणि छाती भरून श्वास घेतला. आता हा खोकत मागे जाईल, मला लाथ घालील, याची मी वाट पाहत होते. त्याने सावकाश डोकं वर काढलं.

"स्वच्छ आहे," तो म्हणाला.

मी अवाक् झाले. माझी इतकी वर्षं त्या वासात गेली होती आणि हा म्हणतो स्वच्छ. भंगारवाल्याला तर चार हातांवरून वास येत होता. तो एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिला. पण गिऱ्हाईकच स्वच्छ म्हणतंय म्हटल्यावर त्याने मला टेम्पोत चढवलं.

घराच्या मागच्या अंगणात मला उतरवलं. त्याचा धाकटा भाऊ वेल्डिंगचं काम करायचा, तो अवजारं घेऊन आला. आत काही पेट घेणारं राहिलं असेल तर कापताना स्फोट होतो, म्हणून त्याने मला काठोकाठ पाण्याने भरलं, दोन दिवस तसंच ठेवलं आणि मग नळ सोडला. पाणी उतारावरून वहिनीच्या, म्हणजे या गृहस्थाच्या बायकोच्या, पुदिन्याच्या वाफ्यात गेलं. तेव्हा तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

कटरची ज्योत लागली आणि माझ्या पोटातून तो जुना वास भसकन बाहेर आला. भावाने तोंड फिरवलं. दारात उभ्या असलेल्या वहिनीने पदर नाकाला लावला. दोघांची नजरानजर झाली. वहिनीने हळूच मान हलवली, म्हणजे बोलू नकोस. आणि तो बोलला नाही. मला घाम फुटायचा तेवढा बाकी राहिला होता.

या गप्प बसण्यामागचं कारण मला हळूहळू कळलं. हा गृहस्थ मोठ्या कॅन्टीनचा मुख्य आचारी होता. फोडणी बसली की नाही हे म्हणे तो दुसऱ्या खोलीतून सांगायचा. मग एक ताप आला, जाताना त्याचं नाक घेऊन गेला आणि ते परत आलंच नाही. एके दिवशी त्याने नासलेलं मटण शिजवलं. सगळ्या पंगतीसमोर ताटं परत आली. तो घरी आला आणि पुन्हा कॅन्टीनची पायरी चढला नाही. त्या दिवसापासून या घरात वासाचं नाव काढायचं नाही असा अलिखित नियमच झाला. दूध करपलं तर बायको गुपचूप उठून गॅस बंद करायची. मुलगी माहेरी येताना अत्तर लावायची नाही. सगळं प्रेमापोटी चाललेलं, यात शंका नाही.

"धुरावर कोंबडी शिजवायच्या भट्टीला नाक लागत नाही," तो भावाला सांगत होता. "उष्णता बघायची आणि घड्याळ बघायचं. एवढं मला जमतंय की."

"जमेल की दादा," भाऊ म्हणाला आणि खाली बघून बिजागऱ्या लावत राहिला.

काय सांगू, माझे इतके लाड कधी कुणी केले नव्हते. त्याने मला घासलं, आत जाळ्या बसवल्या, बाजूला लाकडं जाळायला पेटी जोडली, दारावर उष्णता दाखवणारा काटा लावला. काम करताना तो शीळ घालायचा आणि बायको खिडकीतून ती ऐकत उभी राहायची. बऱ्याच काळाने ऐकत असावी. तिचा चेहरा बघून मलाही भरून यायचं. पण हात माझ्या पोटात घालून तो प्रेमाने पुसायचा तेव्हा माझा जीव खालीवर व्हायचा. अरे बाबा, मी विषाची आहे, मला कुणीतरी वाचा द्या.

पहिला जाळ रिकामा घातला. धुराड्यातून निघालेल्या धुराने शेजारच्या घराची खिडकी धाडकन बंद झाली.

"धूर कसा धरलाय?" त्याने विचारलं.

"छान," बायको म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

नंतर भाऊ तिला बाजूला घेऊन म्हणाला, "वहिनी, पहिल्या जाळात निघून जाईल सगळं. जुन्या रंगाचा असेल." तिला वाटलं, लोखंडातलं याला कळतं, धोका असता तर हा बोलला असता. त्याला वाटलं, घरातलं वहिनीला कळतं, नको असतं तर ती बोलली असती. दोन शहाणी माणसं एकमेकांच्या भरवशावर मिठाची गुळणी धरून बसली. माणसांच्या या सवयीपुढे मी हात टेकले.

आणि रविवार उजाडला. कॅन्टीनच्या मॅनेजरसाहेबांना मुद्दाम बोलावलं होतं. आवडलं तर याला पुन्हा कामावर घेण्याचा त्यांचा विचार होता. मुलगी आली होती, तिची नुकती चालू लागलेली लेक अंगणभर दुडदुडत होती. सकाळीच कोंबड्या माझ्या पोटात गेल्या. तो काट्याकडे बघत, घड्याळाकडे बघत, जाळ कमीजास्त करत होता. कोंबड्यांना सोनेरी तांबूस रंग चढत होता आणि माझ्या भिंतींत मुरलेलं ते विष, जाळाने सैल होऊन, त्यांच्यावर बसत होतं. मला ते कळत होतं आणि मी दार घट्ट लावून उभी होते. यापेक्षा भयंकर दिवस मी पाहिलेला नाही.

मॅनेजरसाहेबांनी एकदा रुमाल नाकाशी नेला. मग सगळे गप्प आहेत असं बघून त्यांनी तो खिशात ठेवला. भला माणूस होता, पाहुणा म्हणून आला होता.

सरबतात घालायला चार पानं आणावीत म्हणून बायको वाफ्याकडे गेली. पुदिना आडवा पडलेला होता. देठ पिळून टाकल्यासारखे वाकडे, पानं मुडपून पिवळी पडलेली. कडेचं गवतही तसंच, आणि ती पिवळी रेघ बरोबर पाण्याच्या वाटेने माझ्या नळापर्यंत आली होती. तिने त्या रेघेवरून नजर फिरवली आणि ती जागच्या जागी थिजली.

इकडे तो नातीसमोर उकिडवा बसला होता. पहिला मऊ तुकडा त्याने तिच्यासाठीच काढला होता. फुंकर घालून तो तिच्या तोंडाशी नेत होता.

बायको धावत आली. तिने त्याच्या हातावर इतक्या जोरात चापट मारली की तुकडा मातीत पडला. पोर रडायला लागली. सगळे बघत राहिले.

"वास येतोय," ती म्हणाली. हा शब्द त्या घरात कितीतरी काळाने उच्चारला गेला. "अहो, त्या टाकीला घाण वास येतोय. औषधाचा. माझा पुदिना मेलाय त्याने."

त्याने वर बघून विचारलं, "कधीपासून येतोय?"

"आणली त्या दिवसापासून."

"तुला पण आला?" त्याने भावाकडे बघितलं.

"हो दादा."

त्याने मुलीकडे बघितलं. तिने मान खाली घातली. मॅनेजरसाहेबही चपलांकडे बघायला लागले. तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे उतरलं ते मला आजही विसरता येत नाही. भंगारात मी चेपलेले पत्रे पुष्कळ पाहिले, असा चेपलेला माणूस पाहिला नव्हता.

"माझं नाक गेलं होतं," तो हळू आवाजात म्हणाला. "तुमची तोंडं कुणी नेली?"

बायको त्याच्या शेजारी मातीत बसली आणि तोंडावर पदर धरून रडली. त्याने रडणाऱ्या नातीला मांडीवर घेतलं, तिची बोटं, तिचे ओठ पुन्हा पुन्हा पुसले. कोंबड्या खोल खड्ड्यात गेल्या. साहेब उपाशी गेले.

तेव्हापासून मी या कोपऱ्यात उभी आहे. वाफ्याकडेचं मेलेलं गवत बघून भावाने माझ्यात काय होतं ते ओळखलं; तो उद्या मला वितळवायला नेणार आहे. तोवर कुणाची चूक होऊ नये म्हणून त्याने माझ्या अंगावर लाल रंगात मोठ्या अक्षरांत लिहिलंय, "आत तणनाशक होतं. खाण्यापिण्यासाठी वापरू नये." एवढंच तर मला सांगायचं होतं. तुमच्याही घरी कुणाला सांभाळून घेत असाल तर माझ्याकडे एकदा बघा. मी लोखंडाची, मला तोंड नव्हतं. तुम्हाला आहे.

कोऱ्या पत्र्याची नवी भट्टी करायचं दोघा भावांचं ठरलंय. "करू," तो बायकोकडे बघत म्हणाला, "पण वास हिने घ्यायचा आणि मला खरं सांगायचं." साहेबांनीही पुन्हा येतो म्हणून निरोप धाडलाय.

संध्याकाळी नवराबायको पायरीवर बसतात. तो विचारतो, "काय वास येतोय?" ती सांगते. शेजारी कांदा लागलाय. कुणीतरी कपडे धुऊन वाळत घातलेत. तो डोळे मिटून ऐकतो, जेवणारा माणूस एकेक घास घेतो तसा.

आज त्याने माझ्याकडे बोट केलं. "हिचा अजून येतो?"

जुनी सवय तिच्या ओठांपर्यंत आलेली मला दिसली.

"येतो," ती म्हणाली. "फार घाण येतो."

तो हसला. मला आता खुशाल वितळवा.