दुसरं छप्पर

अंगणवाडीतून निवृत्त होऊन मला अकरा वर्षं झाली, तरी नव्या सेविकेने, नाजियाने बोलावलं की पाय आपोआप तिकडे वळतात. दिवाळी नुकतीच झाली होती. आम्ही दोघी खिडकीखाली कोड्यांचा, खेळांचा कोपरा मांडत होतो. पत्र्यातून कवडसे पडत होते, त्यात धूळ संथ तरंगत होती. एका डब्यात चिंचोके, दुसऱ्यात सागरगोटे. मधोमध नाजियाच्या अब्बांनी, यासीन मिस्त्रींनी प्लायवूडमधून कापलेलं कोडं. दोन भिंती, एक दार, वर लाल तिकोनी छप्पर. जोडलं की घर.

एवढ्यात छबुबाई चार वर्षांच्या नातीला, संस्कृतीला घेऊन आली.

"बाई, परवा ट्रक यायचाय. पोरगी हितं न रडता बसली तर ठिवते माझ्यापाशी. न्हाईतर जाईल मायबापासंगं ऊसतोडीला."

संस्कृतीची आई उज्ज्वलाही लहानपणी माझ्याकडेच होती. दर दिवाळीनंतर जायची. उन्हाळ्यात परतायची, तेव्हा शिकवलेली गाणीसुद्धा विसरलेली असायची. मी दरवर्षी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे.

पहिल्या दिवशी संस्कृती दाराशी रडत बसली. दुसऱ्या दिवशी हळूच कोपऱ्यात आली, भिंती बाजूला सारल्या आणि छप्पर तेवढं जमिनीवर उभं केलं.

"अगं, छप्पर वर असतंय!" म्हणत नाजियाने ते उचललं. पोरीने भोकाड पसरलं.

"नाजिया, दे तिला परत," मी म्हणाले. "ती कोपी आहे."

"कोपी?"

"उसाच्या पाचटाची झोपडी. तिला भिंती कुठल्या? सहा महिने ही पोर त्यातच राहते."

मलाही हे उशिरा कळलं होतं. तीस वर्षांपूर्वी उज्ज्वलाने मातीचं असंच घर केलं होतं, आणि मी हसत हसत ते मोडून तिला 'बरोबर' करून दाखवलं होतं. तिने नंतर मातीला हात लावला नाही.

तिसऱ्या दिवशी ट्रक पारापाशी उभा होता. संस्कृतीने कोपी उभी केली, आत दोन चिंचोके ठेवले. "आई. बाबा." मग भिंती आणि दार जोडून आत आणखी दोन ठेवले. एक मोठा, एक छोटा.

"हे कोण?"

"आजी. आन् मी."

ट्रकचा हॉर्न वाजला. उज्ज्वला आत येऊन लेकीजवळ बसली. तिने तो छोटा चिंचोका पाहिला. बोटाने तो मोठ्याच्या आणखी जवळ सरकवला आणि उठली.

संस्कृतीचे ओठ थरथरले. मग तिची नजर बिनछपराच्या घरावर गेली.

"बाई, ह्याला छप्पर न्हाई."

"नाजियाचे अब्बा कापतील दुसरं. उद्या बसवायला येशील?"

ट्रकची घरघर दूर दूर जात विरून गेली. तिने नाक पुसलं.

"येते. पन लालच आना."