वारा उत्तरेचा असेल तर

रोझलिन स्टुलावर चढली आणि पाळण्याजवळच्या भिंतीवर तळहाताएवढी पांढरी डबी बसवू लागली. टेसा बाळाला, हेटीला, खांद्यावर घेऊन खाली उभी होती.

“विषारी वायू साचला की ही ओरडते,” तोंडातला स्क्रू काढून रोझलिन म्हणाली. “आणि एक ध्यानात ठेव. गॅरेजमध्ये काही पेटवायचं नाही. शेगडी नाही, भट्टी नाही. दार उघडं ठेवूनसुद्धा नाही.”

“गॅरेजमध्ये भट्टी कोण पेटवतं गं?”

“पेटवतात. गारठा पडला की माणसाला वाटतं, दार अर्धं वर केलं की झालं.”

रोझलिन टेसाच्या नवऱ्याची, वेस्लीची, मोठी बहीण. गावच्या अग्निशामक दलात ती स्वयंसेवक होती आणि तिला सगळीकडे आगच दिसायची. टेसाने मान हलवली आणि विषय सोडून दिला. तिच्याकडे स्वतःच्या काळज्या काय कमी होत्या? दुधाची बाटली ती तीन-तीनदा मनगटावर उपडी करून बघे. हेटी झोपली की वाकून तिचे श्वास मोजे. साठपर्यंत मोजून झाले की पुन्हा एकपासून. गॅरेजची काळजी करायला तिला सवड नव्हती, आणि त्यांच्या गॅरेजमध्ये नुसती खोकी भरलेली होती.

तिला काळजी होती धुराची.

कुंपणापलीकडे, उत्तरेला, मिस्टर एर्विन कुबेना राहत. वय एकोणऐंशी. बायको व्लास्ता जाऊन चार वर्षं झालेली. घरात ते आणि बस्टर नावाचा म्हातारा कुत्रा. दर शनिवारी पहाटे ते परसातली लोखंडी भट्टी पेटवत आणि गाईच्या छातीचा अख्खा तुकडा तिच्यात मंद धुरावर शिजायला ठेवून दिवसभर शेजारी खुर्ची टाकून बसत. ओकच्या लाकडाचा निळसर, विरळ धूर पेकनच्या झाडांतून तरंगत जाई. एरवी टेसालाही तो वास आवडायचा. याच गावातली ती, अशाच धुरात वाढलेली. पण वारा उत्तरेचा असला की तो थेट हेटीच्या खिडकीशी येई. नोव्हेंबरात तिने एक चिठ्ठी लिहिली, चार वेळा फाडून पाचव्यांदा लिहिली आणि त्यांच्या टपालपेटीत टाकली. समोरासमोर बोलायचा धीर झाला नव्हता.

नंतर कुणीच त्याबद्दल काही बोललं नाही. मिस्टर एर्विन कुंपणावरून हात हलवत राहिले. काही शनिवारी धूर येई, काही शनिवारी नसे. टेसाला वाटलं, वाराच बदलला असेल.

जानेवारीतल्या एका शनिवारी दुपारी उत्तरेकडून थंडीची लाट आली. तासाभरापूर्वी लोक बिनबाह्यांच्या शर्टात फिरत होते, आणि आता आभाळ शिशासारखं झालं होतं. वेस्ली कामावर, दोनशे मैल लांब. हेटी सकाळपासून रडत होती. टेसा तिला ब्लँकेटमध्ये गुंडाळून घरासमोर येरझाऱ्या घालत होती. बारीक बर्फकण पडू लागले तेव्हा शेजारचं गॅरेजचं दार कमरेएवढं वर झालं आणि त्याखालून मिस्टर एर्विनचं डोकं बाहेर आलं.

“पोरी, त्या लेकराचा बर्फ करणार आहेस का? आत ये.”

ती वाकून आत गेली. आत ऊब होती. मधोमध भट्टी होती, चाकांवर ढकलत आणलेली. धुराड्याला पत्र्याची नळी जोडून तिचं तोंड दाराखालून बाहेर काढलं होतं. धुराचा मागमूस नव्हता. भट्टीच्या पोटात लाकूड जळून निखारे झाले होते आणि त्यांचा तांबूस उजेड सिमेंटवर पडला होता.

“आज आत मांडलंत?” तिने विचारलं.

“उद्या चर्चच्या हॉलमध्ये व्लास्ताच्या नावाचं जेवण आहे. आज टाळून चालणार नव्हतं.” त्यांनी तिच्यासाठी खुर्ची ओढली. “बस. आता काही काम नाही. मांस अडलंय.”

“अडलंय म्हणजे?”

“लग्न होऊन पाच वर्षं झाली तरी वेस्लीने एवढंही शिकवलं नाही? भट्टीपाशी नुसता बियर पीत उभा राहतो वाटतं.” ते हसले. “मांसात खुपसलेल्या तापमापकाचा काटा एकशे पासष्ट फॅरनहाइटवर येतो आणि थांबतो. तीन तास, चार तास. आच वाढवली की वाट लागली. झाकण उघडलं तरी वाट लागली. नुसतं बसायचं.”

टेसा बसली. दार कमरेएवढं उघडं होतं, बाहेरचा पांढरा उजेड खालून आत येत होता. हवा येतेय, तिला वाटलं. मांसाचा, मिरपुडीचा, जुन्या लाकडाचा वास होता. हेटीचं रडणं कमी होत होत थांबलं. मूठ सैल झाली. पापण्या मिटल्या. कितीतरी आठवड्यांत ती दिवसा अशी झोपली नव्हती.

“बघ,” मिस्टर एर्विन हळूच म्हणाले. “भट्टीपाशी सगळ्यांना झोप लागते. व्लास्ता म्हणायची, तुमच्या धुराचा वास चादरींना, कपड्यांना येतो, चर्चमध्ये मला लाज वाटते. आणि रात्री त्याच चादरीत नाक खुपसून झोपायची.”

टेसा हसली. हसू चेहऱ्यावर बराच वेळ राहिलं, काढून ठेवायचं विसरल्यासारखं. पाण्याखाली बसल्यासारखं वाटत होतं, कोमट, गढूळ पाण्याखाली, आणि वर कुठेतरी बर्फ पडत होता. कोपऱ्यातल्या जुन्या फ्रिजवर चुंबकाखाली एक कागद होता. त्यावरची अक्षरं ओळखीची वाटली, पण उठून बघण्याइतकं काही महत्त्वाचं वाटेना. कपाळावर कुणीतरी जड हात ठेवला होता. सवयीने ती हेटीचे श्वास मोजू लागली. नऊ, दहा, अकरा. मग पुन्हा नऊ.

“व्लास्ता म्हणायची,” मिस्टर एर्विन म्हणाले, “तुमच्या धुराचा वास चादरींना, कपड्यांना येतो, चर्चमध्ये मला लाज वाटते.”

टेसाने त्यांच्याकडे पाहिलं. ते निखाऱ्यांकडे बघत होते. गाल लहान मुलासारखे गुलाबी झाले होते.

“बस्टर कुठेय?” तिने विचारलं. स्वतःचा आवाज तिला लांबून आला.

“असेल इथेच. भट्टी सोडून जायचा नाही तो.”

दाराखालच्या उजेडाच्या पट्टीत तिला तो दिसला. बाहेर, मोकळ्या सिमेंटवर, पाठीवर बर्फाचे कण घेऊन म्हातारा कुत्रा बसला होता. एवढ्या गारठ्यात. तोंड त्यांच्याकडे, पण आत यायला तयार नसलेला.

आणि मोजताना ती कधी चुकत नसे.

ती खुर्चीला धरून उठली. दाराखालून वाकून बाहेर आली आणि थंडी तोंडावर आदळली. हेटी जागी झाली नाही. टेसाने ब्लँकेट बाजूला केलं, तिच्या तोंडावर फुंकर घातली, तळव्यांना टिचक्या मारल्या. गालावर बर्फाचा एक कण पडला, मग दुसरा. हेटीचा चेहरा आक्रसला आणि ती भोकाड पसरून रडली.

टेसाने एका हाताने तिला छातीशी धरलं आणि दुसऱ्या खांद्याने दार वर रेटलं.

“मिस्टर एर्विन, बाहेर या.”

“मांस अडलंय, पोरी,” ते संथपणे म्हणाले. “आता हलायचं नसतं.”

“मांस राहू दे. उठा.”

ते हलले नाहीत. तिने पुन्हा हाक मारली, मग नुसतीच उभी राहिली. हेटी रडत होती.

“हेटीला बरं नाही. मला एकटीला जमत नाहीये. याल का?”

तेव्हा ते उठले. भट्टीला हात टेकवला, पोळलेला हात झटकायचंही विसरले, आणि भिंत धरून धरून बाहेर आले.

टेसाने फोन केल्यावर रोझलिनची गाडी सात मिनिटांत पोहोचली. तिथेच तिघांनाही प्राणवायूचे मुखवटे लावले, मग इस्पितळात नेलं. डॉक्टर म्हणाले, निखाऱ्यांचा विषारी वायू दिसत नाही, त्याला वासही नसतो; वेळेत निघालात. आणखी अर्धा तास आत असतात तर काही सांगता आलं नसतं. दलातल्या लोकांनी भट्टी आधीच बाहेर ओढली होती. मुखवट्यातूनही मिस्टर एर्विन त्यांना बजावत होते, “पाणी मारू नका. झाकण उघडू नका.” कुणीतरी ऐकलं असावं, कारण रविवारी चर्चच्या हॉलमध्ये जेवण झालं.

“मला राग कशाचा येतो सांगू?” रोझलिन इस्पितळाच्या व्हरांड्यात म्हणाली. “गॅरेजमध्ये पेटवायचं नाही, दार उघडं ठेवूनसुद्धा नाही, हे मला त्यांनीच शिकवलं. तीस वर्षं दलात होते ते. शब्दन् शब्द त्यांचा आहे.”

टेसाने हेटीचं ब्लँकेट नीट केलं.

मंगळवारी ती त्यांच्यासाठी सूप घेऊन गेली. मिस्टर एर्विन आत झोपले होते, म्हणून डबा गॅरेजमधल्या फ्रिजमध्ये ठेवायला गेली. चुंबकाखालचा कागद तिचाच होता. *वारा उत्तरेचा असेल तेव्हा धूर बाळाच्या खोलीत येतो. जमलं तर बघाल का? आभारी आहे.* खाली पेन्सिलीने, थरथरत्या अक्षरांत, त्यांनी एकेक शनिवार लिहिला होता. दक्षिण, पेटवली. दक्षिण, पेटवली. उत्तर, नाही. उत्तर, नाही. शेवटची ओळ: उत्तर, गॅरेजात, नळी दुसऱ्या बाजूला.

तिने डबा फ्रिजमध्ये ठेवला. कागद होता तिथेच राहू दिला. मग घरी जाऊन हेटीची खिडकी बोटभर उघडली.

मे महिन्यात वेस्लीची बदली झाली. खोकी भरून झाली, घर रिकामं झालं, हाका घुमू लागल्या. निघायच्या सकाळी टेसा स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी उभी राहून लिहीत होती. यावेळी एकदाही फाडलं नाही. कागद तिने किल्लीखाली ठेवला.

*तुम्ही कोण असाल, मला माहीत नाही. शनिवारी कुंपणापलीकडून धूर आला तर खिडकी लावू नका, आणि चिठ्ठी लिहू नका. लागलंच तर जाऊन बोला. पण वारा उत्तरेचा असेल आणि धूर दिसला नाही, तर हातातलं काम टाकून पलीकडे जा. गॅरेजचं दार बघा. कुत्रा कुठे बसलाय ते बघा. मिस्टर एर्विनना हाक मारा. त्यांना कमी ऐकू येतं, पहिल्या हाकेला ओ देणार नाहीत. दुसरी मारा. तरी उठले नाहीत, तर ‘मला मदत हवी आहे’ म्हणून सांगा.*