दुभाष्यासाठी थांबायची सवय

“दारापर्यंत गेले आणि परत फिरले,” ती म्हणाली आणि थांबली.

दुभाष्याने तेवढं त्यांच्या भाषेत सांगितलं. चटईवर पाय कुठे ठेवावेत ते न उमगलेली परदेशी मुलं कशीबशी अंग चोरून ऐकत होती.

“डबा विसरला होता. तो घेतला. झोपलेल्या लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला, ‘येतो’ म्हणाले.” पुन्हा थांबली. “ते शेवटचं.”

एका मुलीचे डोळे भरून आले. दरवर्षी याच ठिकाणी कुणाचे तरी भरून यायचे.

नवरा रंगाच्या कारखान्यातल्या आगीत गेला, त्याला आता बरीच वर्षं झाली होती. परदेशातल्या एका विद्यापीठात समाजशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापक बाई दर उन्हाळ्यात आपले विद्यार्थी या वस्तीत आणायच्या. पुस्तकात वाचलेलं माणसांत जाऊन शिकायचं, असा त्यांचा अभ्यासक्रम होता. मुलाखत कशी घ्यायची याचा पहिला धडा हिच्या घरात व्हायचा, कारण ही छान बोलायची आणि मध्येच रडून खोळंबा करायची नाही. कपडे दुरुस्त करून पोट भरणारी बाई, पण गल्लीतले लोक तिला ‘प्राध्यापक’ म्हणून चिडवायचे. तिलाही ते आवडायचं, खोटं कशाला बोला! एरवी तिच्याशी बोलत होतं कोण? लोक यायचे ते चेन बसवायला नाहीतर पँट आखूड करून घ्यायला.

आज मात्र लेक आतल्या खोलीत होती. दुसऱ्या शहरात टपाल कार्यालयात नोकरी करायची ती, रजा काढून आली होती. मुलं गेल्यावर ती बाहेर आली आणि चहाचे कप गोळा करू लागली.

“आई, बाबा परत आले नव्हते.”

“म्हणजे?”

“डबा राहिला होता. तू मला उठवलंस. मी पळत गेले आणि कारखान्याच्या फाटकाशी दिला त्यांना.”

आई खुर्चीत बसली. पहिल्या वर्षी तिने घडलं तेच सांगितलं असणार. मग कुणीतरी विचारलं, त्यांनी मागे वळून पाहिलं का? पुढच्या वर्षी नवरा मागे वळला. कुणी विचारलं, मुलगी कुठे होती? झोपली होती, असं सांगणं सोपं पडलं. मुद्दाम काही केलं नव्हतं तिने. इथे जरा आत घेतलं, तिथे जरा सोडलं, आणि मूळ माप तिलाच सापडेनासं झालं. आपल्याच पोरीला आपण त्या सकाळच्या आठवणीतून उसवून काढलं होतं.

“आठवलं,” ती म्हणाली. “तू एकाच पायात चप्पल घालून परत आली होतीस.” थांबली. “मी ओरडले तुझ्यावर.” पुन्हा थांबली.

“आई, मध्ये मध्ये थांबू नकोस. मला कळतं तुझं बोलणं.”

आईला ओशाळल्यासारखं झालं. मग तिने विचारलं, “फाटकाशी काही बोलले का गं ते?”

“बोलले ना.”

“काय?”

लेक कप विसळत राहिली. “इतक्या वर्षांत एकदाही विचारलं नाहीस.”

“आता विचारते ना.”

“आता सांगितलं तर पुढच्या वर्षी तू त्या मुलांना सांगशील.”

“नाही सांगणार. तुझी शपथ.”

“सांगशील, आई. तुझ्याही नकळत सांगशील. बाबांचं माझ्यापाशी तेवढंच उरलंय.”

आईला रागावण्याचासुद्धा हक्क उरला नव्हता.

सकाळी लेक निघाली. बॅग खांद्याला लावून दारात चपला घालत होती. आईने रात्रभर मनाशी जुळवून ठेवलं होतं. बाईंना नाही म्हणून सांगायचं. आणि लेकीला सांगायचं की ते बोलणं तू तुझ्यापाशीच ठेव, मला नको सांगूस, पण तू येत जा गं.

“मी त्या बाईंना सांगते, पुढच्या वर्षीपासून येऊ नका म्हणून,” ती म्हणाली.

आणि सवयीने थांबली.

लेकीला वाटलं, बोलणं संपलं. “बरं. येते,” म्हणून ती जिना उतरू लागली. आई दाराची चौकट धरून उभी राहिली. पुढचं वाक्य तिच्या ओठांवर तयार होतं, आणि खाली पावलांचा आवाज रस्त्याला लागला होता.