ऐकायचा घट, पेरायचं सगळं

सरकी

अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, संध्याकाळी भेंडवळच्या वावरात घट मांडतात. गोल रिंगणात अठरा धान्यं, मध्ये घागर. रात्रभर तिकडे कोणी फिरकायचं नाही. पहाटे कोणता दाणा सरकला, कोणता जागचा हलला नाही, ते पाहून वर्षाचं पीकपाणी सांगतात. पिंपळगाव राजाचे रामराव दरवर्षी जीपमध्ये दाटीवाटीनं बसून ते ऐकायला जातात.

यंदाही गेले. आणि नेमकी यंदाच त्यांची घरी गरज होती.

तूर

गरज होती सुचिताला. मुलगी. तेवीस वर्षांची. खामगावच्या एका जिनिंग कारखान्यात रुईच्या धाग्याची लांबी तपासते. पहिला पगार झाला आहे. पेन्शन नाही, आणि ती कोणी देणारही नाही, म्हणून तिनं ठरवलं: पगाराचा दहावा हिस्सा दर महिन्याला म्हातारपणासाठी. इंडेक्स फंडात.

म्हणजे बाजारातल्या मोठ्या पाचशे कंपन्या, थोड्या थोड्या, सगळ्या. कोणती घ्यायची, कोणती टाकायची हे ठरवणारा शहाणा मध्ये बसलेला नाही, म्हणून त्याचा मेहनताना आपल्या पैशातून कापला जात नाही. आधी तिनं पाच फंड निवडले होते. मग पाचांच्या याद्या शेजारी शेजारी ठेवल्या, तर वरच्या कंपन्या सगळीकडे त्याच. चार पुसून टाकले. एक राहिला. सगळ्यात स्वस्त, डायरेक्ट, दलालीशिवाय.

मोबाइलवर सगळं भरून झालं. फक्त ओटीपी राहिला. कॉलेजात असताना बँकेत खातं काढलं, तेव्हा नंबर बापाचा दिलेला. ओटीपी रामरावांच्या खिशात वाजणार.

रामराव यायच्या आधी मामा आले.

मूग

राजकुमारमामा, आईचे धाकटे भाऊ. पूर्वी खामगावच्या बाजारात अडत्याकडे हर्रास, म्हणजे मालाचा लिलाव, बोलायचे. आवाज अजून तसाच, अर्धी गल्ली ऐकते. आता पॉलिसी आणि फंड विकतात. भाचीला नोकरी लागली हे कळल्यापासून त्यांनी तिचा पैसा मनातल्या मनात आपल्याकडे जमा करून टाकला होता. त्यांना कोणी तसं सांगितलं नव्हतं. पण मामा असताना दुसरीकडे जायचं, हे या घरात आजवर झालं नव्हतं.

"काय व सुचिता, बापाची वाट पाहून राह्यली? अंगठ्यापुरता बाप, बाकी काम मामाचं! हा घे. मागच्या सालचा एक नंबर फंड."

"अन् त्याच्या आधीच्या साली एक नंबर कोण होता, मामा?"

"आँ?"

"त्याच्या आधी."

मामांनी एक नाव घेतलं. दारात बसून चिंचोणी, अखाजीचं गूळ-चिंचेचं पाणी, पिणाऱ्या शेजारच्या पुंजाजींनी वाटी खाली ठेवली.

"तो माह्या घरी हाय," पुंजाजी म्हणाले. "तूच आणून देल्ला. दोन साल झाले, निजला हाय."

सुचिताची आई वच्छलाबाई सैंपाकघरातून हसल्या, आणि भाऊ आहे हे आठवून थांबल्या.

"हसू नको बाई! पोरगी शिकली म्हणून काय बाजार समजला का तिले?"

"नाही समजला, मामा. म्हणूनच तं सगळा घेऊन राह्यली."

"अन् पाचशेत कचरा कंपन्या येतीन तं?"

"येतीन."

"तरी घेशील?"

"हाव. कोणती कचरा निघन हे आज तुमाले माहीत हाय का?"

मामा काही बोलणार

जीप

तेवढ्यात ती आली. धूळ, दार, रामराव. तोंड न धुताच ओसरीवर टेकले. मामांनी लगेच बाजू बदलून त्यांच्याजवळ जागा धरली.

"भाऊजी, तुमीच सांगा. ही म्हणते, पुढं काय चालन ते कोणालेच कळत नाही. मंग तुमी रात्रभर झोपमोड करून भेंडवळले काऊन गेल्ते? कळते म्हणूनच ना?"

रामरावांनी मुलीकडे पाहिलं. कपाळाला आठी. त्यांच्या खिशातला फोन तिथंच, दोन बोटं बाहेर आलेला. ते नाही म्हणाले की संपलं. त्यांच्या शब्दाबाहेर ती जाणार नव्हती, आणि मामाचा फंड घेऊन सदतीस वर्षं गप्पही बसू शकणार नव्हती.

"बाबा," ती म्हणाली, "यंदा घटानं काय सांगतलं?"

"तूर बरी. कपाशी मोघम."

"मंग यंदा सगळ्या वावरात तूर?"

"येडी झाली का व?" रामराव उखडलेच. "सगळी तूर कोण पेरते? कपाशी राहीन, मंधात तुरीचे तास राहीन, धुऱ्याकडून मूग, उडीद, ज्वारी. सगळंच पेरीन, नेहमीसारखं."

"मागच्या साली काय सांगतलं होतं?"

"कपाशी."

"अन् पेरलं काय होतं?"

"सगळं…"



तीळ

रामरावांच्या कपाळाची आठी तिळभर सैलावली.

बाकीची सगळी

"घट ऐकाले जावं," सुचिता म्हणाली. आवाज मामांइतकाच वर गेला होता, तिचं तिलाच नवल वाटलं. "मीबी येईन यंदाच्या पुढं. पण घटाच्या भरोशावर आपल्या घरात कोणी वावर लावलं नाही. उडीद गेला त्या साली तुरीनं भागवलं. तूर गेली त्या साली कपाशीनं. मी तेच करून राह्यली, बाबा. वावर मोठं हाय, एवढंच."

"अन् पडलं तं?" रामरावांनी विचारलं. हा प्रश्न मामाचा नव्हता, बापाचा होता.

"पडन. एखाद्या साली धाडकन पडन. वाईट साल आलं म्हणून तुमी वावर विकलं का?"

"नाही."

"मीबी नाही विकणार. पुढच्या महिन्यात पुन्हा पेरीन."

"सरासरीच येईन पोरी!" मामांनी शेवटचा डाव टाकला. "नंबरात कधी येणार नाही तुहं!"

"सरासरीच पाह्यजे मले, मामा. साठीपर्यंत. एक नंबर पुंजाजीच्या घरी निजू द्या."

पुंजाजींना ठसका लागला.

रामरावांनी खिशातून फोन काढला. मुलीला मान हलवून दाखवली, इतकी हळू की फक्त तिला दिसावी. पण वच्छलाबाईंनाही दिसली. सुचितानं बटण दाबलं. फोन वाजला. रामरावांनी तो डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, पुन्हा जवळ.

"चष्मा?" वच्छलाबाई.

"जीपीत राह्यला."

जीप केव्हाच फाट्यापार. सुचिता उठून येईपर्यंत रामरावांनी फोन शेजारी सरकवला. शेजारी कोण, तर मामा.

"वाच बे, राजकुमार."

"मी?"

"अर्धी गल्ली ऐकते तुहा आवाज. वाच."

"भाऊजी, हे वाचलं तं माह्यं कमिशन…"

"टाइम चालला, मामा!" सुचिता ओरडली.

मामांनी फोनकडे पाहिलं. बहिणीकडे पाहिलं. ती पदराला हात पुसत दारात उभी, भावाकडे अशी बघत होती जणू तो अजून लहान आहे आणि आत्ता त्याला शहाणपण सुचणार आहे. मामांनी घसा खाकरला.

"चार!"

"चार," सुचिता.

"सात! सात! नऊ!"

गल्लीतली माणसं दारात आली.

"शून्य! दोन!"

हिरवी खूण उमटली. सुचितानं फोन वर धरला, ऊन त्यावर चमकलं.

"झालं?" रामराव म्हणाले. "आता काय करा लागते?"

"काहीच नाही, बाबा. दर महिन्याले आपोआप पेरल्या जाईन. अन् कोणी काही सांगतलं तरी मधातच उपटायचं नाही."

"राजकुमार," पुंजाजी दारातून म्हणाले, "माह्या घरचा तो उठव आता. अन् हिच्यासारखं करून दे."

"मले काय भेटन त्यात?"

"चिंचोणी!" वच्छलाबाईंनी भावासमोर भरलेला गडू ठेवला.

मामांनी तो एका दमात रिकामा केला. मग कित्येक वर्षांनी, बाजारात उभे असल्यासारखे उठले आणि मांडीवर थाप मारली.

"एक बार! दोन बार!" सगळी गल्ली आता ओसरीकडे पाहत होती. "तीन बार! पाचशेच्या पाचशे कंपन्या, माल सुचिता रामरावचा!"