पाच टक्क्यांसाठी बंद केलेला दरवाजा

मी दरवाजा बोलतोय. एकतीस नंबरचा. इंग्लंडात लीड्सजवळच्या एका उताराच्या गल्लीत एकशेतीस वर्षं उभा आहे. शाळा मला नाही. जे कळलं ते उंबऱ्यावर ऐकून कळलं. गोड बोलणंही मला जमत नाही, तेव्हा ऐकायचं तर ऐका.

ज्या सुतारानं मला घडवलं तो दिवसभर शिव्या द्यायचा, पण सांधा असा बसवला की अजून हललेला नाही. आधी गिरणीतले लोक राहिले, मग एक मास्तरीण, मग पुरुषोत्तम आणि अरुणाबाई. पुरुषोत्तम हॉस्पिटलात एक्स-रे काढायचे. चव्वेचाळीस वर्षं राहिली ती माणसं. माझं मराठी त्यांचंच. दर उन्हाळ्यात पुरुषोत्तम बाह्या सरसावून मला घासायचे, रंग द्यायचे, आणि अरुणाबाई आतून ओरडायच्या, "अहो, हँडल सोडून रंगवा! मागच्या वेळी आठवडाभर निळ्या हातानं पोळ्या केल्या मी!"

पुरुषोत्तम गेले. छप्पर गळायला लागलं. मग मँचेस्टरहून जावई आले, श्रीनिवास. हातात फाइल.

आता इथला कायदा ऐका. पलीकडच्या मैदानात नवे फ्लॅट उभे राहिले, त्यांच्या बांधकामावर व्हॅट शून्य. माझ्यासारखं जुनं घर दुरुस्त करा, व्हॅट वीस टक्के. पण तेच घर दोन वर्षं रिकामं पडलेलं असेल तर पाच. म्हणजे माणूस राहिला तर महाग, उंदीर राहिले तर स्वस्त! वर आमची गल्ली कॉन्झर्वेशन एरिया, म्हणजे जुनं रूप बदलायचं नाही असा भाग. छपराला स्लेटची दगडी कौलंच हवीत, दार लाकडाचंच हवं. जपा म्हणतात, आणि जपायला निघालेल्याच्याच खिशात हात घालतात. अमेरिकेत म्हणे काही ठिकाणी असं घर नीट केलं तर टॅक्समध्ये सूट मिळते. इथे सूट हवी तर आधी घर मरू द्या.

"आई, फक्त दोन वर्षं," जावई म्हणाले. "तुम्ही आमच्याकडे राहा. मग छप्पर, वायरिंग, किचन, सगळं एकदम करू. पाच टक्क्यांत."

"मी एकोणऐंशीची आहे, श्रीनिवासराव."

"म्हणून तर म्हणतोय. एकदाच नीट करून घेऊ."

मला बाहेरून कुलूप लागलं. माणूस वाईट नाही तो. हिशोबी आहे. पण छपराच्या पन्हळीत पानं अडकली, पाणी भिंतीत उतरलं, जिन्याखाली बुरशी धरली. आत कोणी असतं तर दहा मिनिटांत काठीनं पानं काढली असती. मी नुसता उभा. आत काय पडतंय ते ऐकत.

पण अरुणाबाईंचं मन मँचेस्टरला लागेना. सणाला घरात दिवा नाही, हे त्यांना सहन होईना. लंडनला, वेम्बलीत मैत्रिणीकडे, वैजयंतीकडे जाते असं लेकीला, रेखाला, सांगायच्या आणि ट्रेननं इकडे यायच्या. ओल लागून मी फुगलेलो. आपल्या किल्लीनं कुलूप काढून खांदा लावून ढकलायच्या, म्हणायच्या, "उघड रे बाबा, तू तरी अडवू नकोस." गुढीपाडव्याला आल्या, गणपतीत आल्या, दिवाळीत तर चार रात्री राहिल्या. जाताना मला झेंडूचं तोरण बांधून गेल्या. तोरण काढायचं असतं हे त्यांच्या मनातही आलं नाही. आपल्यात सुकलेलं तोरण कोण काढतं?

तेविसाव्या महिन्यात कौन्सिलची बाई आली, पाच टक्क्यांसाठी लागणारं, घर रिकामं असल्याचं पत्र द्यायला. जावई होते, अरुणाबाईही होत्या. त्या बाईनं माझ्याकडे पाहिलं. वाळलेल्या झेंडूला बोट लावलं. हे कोणी बांधलं, म्हणून विचारलं.

जावई हळूच म्हणाले, "आई, शेजाऱ्यांनी म्हणा."

"शेजारी पोलिश आहेत. ते कशाला झेंडू बांधतील?" मग त्या वळून इंग्रजीत म्हणाल्या, मी बांधलं. मी राहते इथे, सणासुदीला. माझं घर आहे.

बाईनं पेन खाली केलं. तिचा चेहराही पडला, पण पत्र काही मिळालं नाही. अधूनमधून राहिलं तरी घर रिकामं धरत नाहीत. ती गेली.

"संपलं," जावई म्हणाले. "आता परत शून्यापासून. आणखी दोन वर्षं."

"माझ्याकडे आहेत का ती, सांगा बरं? तुमच्या त्या फाइलीत बघा."

जावयांनी फाइल मिटली.

"छपरवाल्या रूफरला बोलवा. वीस तर वीस."

"मग किचन नाही होणार, आई. वायरिंगही अर्धंच होईल."

"ओटा जुनाच चालेल मला. माझी बॅग आणा गाडीतून."

बॅग आली. आज त्या खालच्या दोन खोल्यांत राहतात. जिन्यावर बादली आहे, रूफर मंगळवारी येतोय. अर्धंच घर दुरुस्त होणार, आणि त्या अर्ध्यालाही पुरा टॅक्स.

माझा राग गेलेला नाही. कायदे लिहिणाऱ्यांनो, घर राहून टिकतं, रिकामं ठेवून नाही. जे राहतात आणि राखतात त्यांना सूट द्या. जमत नसेल तर निदान 'वारसा जपा' म्हणून आमच्या नावानं पाट्या लावू नका. माझं काय, मी लाकूड आहे. पण आत एक बाई आहे, तिनं आतून खिट्टी घातली आहे. मला परत बाहेरून कुलूप लावायला कोणी येणार असेल, तर बोटं सांभाळून या.