इंजिन बंद झाल्यावर

दुपारी कोल्बी बोटीचं इंजिन सुरू करायचा आणि जूनी झोपायची. हे मॅरेनच्या केव्हाच लक्षात आलं होतं, पण तिने ते कुणाला सांगितलं नव्हतं.

नोव्हेंबर लागला की पोर्ट टाउनसेंडच्या खाडीवर ढग असे ठाण मांडून बसतात की त्यांच्या राहत्या बोटीच्या डेकवरची सोलर पॅनल नुसती शोभेला उरतात. मग दिवे, फ्रिज, हीटरचा पंखा, सगळ्यांचा भार बॅटऱ्यांवर, आणि बॅटऱ्या भरायच्या इंजिनाला जोडलेल्या जुन्या अल्टरनेटरने. तो वीज द्यायचा, पण अगदी चिमटीचिमटीने. रोज तीन तास इंजिन घरघरत राहायचं. त्या घरघरीत आठ महिन्यांची जूनी गाढ झोपायची, आणि तिला चिकटून मॅरेनही. तिच्या वाट्याला सलग झोप तेवढीच. रात्र सगळी जूनीची.

कोल्बीचं मात्र डोकं उठायचं. पहाटेपासून बोटदुरुस्तीच्या यार्डात बोटींचे तळ खरवडून आलेला माणूस, त्याला घरी येऊन जरा शांतता हवी असायची. "डोक्यात मधमाश्यांचं पोळं घेऊन जेवतोय असं वाटतं गं," तो म्हणायचा. शेवटी एका शनिवारी तो दोघींना लहान होडीत घालून किनाऱ्यावर घेऊन गेला. यार्डाला लागूनच अर्विडचं बोटींच्या सुट्या भागांचं दुकान होतं.

"एकशे सत्तर अँपिअरचा अल्टरनेटर द्या," कोल्बीने सांगून टाकलं. "तासाभरात बॅटऱ्या टम्म."

म्हाताऱ्या अर्विडने चष्म्यावरून पाहिलं. "इंजिन?"

"छोटंच आहे. तीन सिलिंडरचं."

"बेल्ट एकच असेल. बोटभर रुंद."

"हो, तसाच."

"मग शेळीला नांगराला जुंप ना, मला कशाला विचारतोस? एवढा अल्टरनेटर तो बेल्ट खाऊन टाकेल, भुगा करेल त्याचा. आणि त्याच बेल्टवर पाण्याचा पंप चालतो. बेल्ट तुटला की इंजिन उकळलं. तेही पाण्याच्या भर ओढीत, बायकोपोरीसकट."

"रुंद बेल्ट बसवला तर?"

"बसव की. पुल्या बदल, ब्रॅकेट बदल. पण त्या इंजिनाचं वय बघ. खांद्यावर किती लादायचं त्याच्या?" त्याने फळीवरून दुसरा खोका काढला. "हा शंभरचा. त्या बेल्टला झेपेल तेवढाच. शिवाय इंजिन हळू चाललं तरी बरी वीज देतो. सोबत रेग्युलेटर आहे, अल्टरनेटर तापला की हात आखडता घेतो. दीड तासात काम होईल."

"दीड तास! ऐकलंस मॅरेन? निम्मा वेळ. सुटलीस तू!"

मॅरेनने जूनीला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. "जुनाच नाही का चालवता येणार?"

"अगं, तो मरायला टेकलाय. आणि तुला काय त्याचं एवढं?"

"इंजिन बंद झालं की ती उठते," ती म्हणाली.

"कोण?"

"तुझी मुलगी. आणि मग मीही." तिचा आवाज कापला. कापू नये असं तिला फार वाटत होतं, निदान स्क्रू-बोल्टांच्या दुकानात तरी. "मी तेवढंच झोपते, कोल्बी."

कोल्बी तिच्याकडे वळला. "मला वाटायचं, तू कंटाळून पडतेस. रात्री मला उठवत का नाहीस मग?"

"तुला पहाटे जायचं असतं ना."

अर्विड घसा खाकरून म्हणाला, "रेग्युलेटरला एक बटण जोडता येतं. दाबलं की अर्धीच वीज. मग चालव तीन तास. कशाला चालवतोस ते मी विचारणार नाही."

"नको," मॅरेनच म्हणाली. "डिझेल जाळून पाळणा हलवायचा?"

त्यांनी शंभरचा घेतला.

रविवारी कोल्बीने तो बसवला, बेल्ट ताणून पाहिला, इंजिन सुरू केलं. मॅरेन जूनीला घेऊन आडवी झाली. डोळा लागतो न लागतो तोच, असं तिला वाटलं, इंजिन थांबलं. बोटीच्या अंगावर लाटा हलक्या आपटत राहिल्या. जूनीने एक पाय उडवला. मग दुसरा.

कोल्बी धावत खाली आला, जूनीच्या पाठीला तोंड लावून घरघर करू लागला, "गुर्रर्र..." अगदी त्यांच्या इंजिनासारखा, मधेच एक ठोका चुकवत. जूनीने टक्क डोळे उघडले, बापाकडे पाहिलं आणि खिदळायला लागली.

"झालं!" मॅरेन उठू लागली.

"पड. उठायचं नाही." त्याने पोरीला उचलून स्वतःच्या जॅकेटमध्ये घातलं आणि गळ्यापर्यंत चेन ओढली. "आम्ही वर पाण्यातले सील बघायला जातोय."

"थंडी आहे रे. टोपी घाल तिला."

"घातली. झोप."

ती पडून राहिली. एवढ्या शांततेत तिलाही झोप येईना. इंजिनाची सवय मी हिला लावली की स्वतःला, कोण जाणे. ती उठून शेगडीवर चहा ठेवण्याच्या बेतात होती, तेवढ्यात वरच्या झडपेतून आवाज आला. कोल्बी डेकवर फेऱ्या मारत होता आणि पोरीला हसवायला घरघरत होता, एक ठोका चुकवत.

मॅरेनने पांघरूण कानापर्यंत ओढलं आणि त्या घरघरीत डोळे मिटले.